डीएसएलआरचं रिझोल्यूशन घरी कसं तपासायचं : दोन बॉड्या, एक लेन्स आणि कालनिर्णयचं पान

माझ्या भाचीला सेकंडहँड डीएसएलआर घ्यायचा होता. फोर्टातल्या बोरा बाजारात चौकशी करून आली आणि म्हणाली, "मामा, निकॉन डी९० बारा मेगापिक्सेलचा आहे आणि डी५६०० चोवीसचा. म्हणजे डी५६०० दुप्पट क्लिअर ना रे?"

माझ्याकडे डी९० होताच. डी५६०० एका मित्राकडून दोन दिवसांसाठी आणला आणि आम्ही दोघांनी मिळून ते तपासून पाहिलं. तिला जसं सांगत गेलो तसंच इथे लिहितो आहे. तुमच्याकडे कॅनन असेल, दुसरं मॉडेल असेल, तरी पद्धत हीच.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी राहतं. फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते पिक्सेल, आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. डी९० चा फोटो ४२८८ × २८४८ पिक्सेलचा आणि डी५६०० चा ६००० × ४००० पिक्सेलचा. एकूण पिक्सेल जवळपास दुप्पट आहेत हे खरं, पण ते आडवे आणि उभे असे दोन्हीकडे वाटले जातात. एका दिशेने पाहिलं तर ६००० भागिले ४२८८, म्हणजे सुमारे १.४ पट. बारीक रेघ ओळखायची ताकद फार तर तेवढीच वाढते. दोन्ही दिशांना दुप्पट तपशील हवा असेल तर मेगापिक्सेल चौपट लागतील.

रिझोल्यूशन म्हणजे तरी काय? शेजारी शेजारी दोन बारीक काळ्या रेघा आहेत. त्या फोटोत दोन दिसतात की मिसळून एकच करडा पट्टा होतो, एवढाच प्रश्न. एक काळी रेघ आणि तिच्या बाजूची पांढरी फट, अशा जोडीला निदान दोन पिक्सेल लागतात. त्यामुळे डी९० च्या फोटोच्या उंचीत जास्तीत जास्त २८४८ रेघा मावतील (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून), डी५६०० मध्ये ४०००. हे झालं छत. प्रत्यक्षात कॅमेरा या छताच्या खालीच राहतो. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग दिसतो आणि बाकीचे दोन शेजारच्या पिक्सेलांवरून काढले जातात. डी९० च्या सेन्सरपुढे (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चकती) प्रतिमा मुद्दाम किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टर आहे, डी५६०० मध्ये तो नाही. शिवाय लेन्स, फोकस, हलणारा ट्रायपॉड, यातला प्रत्येक जण आपला वाटा कापून घेतो.

म्हणून चाचणीत आपण नुसता कॅमेरा कधीच मोजत नाही, लेन्सपासून आपल्या हातापर्यंतची सगळी साखळी मोजतो. आणि म्हणूनच माझा पहिला नियम असा : दोन कॅमेऱ्यांची तुलना करण्याआधी एकाच कॅमेऱ्याची त्याच्या स्वतःशी तुलना करा. त्याच बॉडीने (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा म्हणजे बॉडी), त्याच जागेवरून, दर वेळी फोकस नव्याने लावून पाच फोटो काढा. त्या पाचांत जेवढा फरक दिसेल, तेवढी तुमच्या पद्धतीची ढिलाई. दोन कॅमेऱ्यांतला फरक तिच्यापेक्षा मोठा असेल तरच तो कॅमेऱ्यांचा. हे न करता ठोकून दिलेल्या निष्कर्षांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

भिंतीवर काय लावायचं?

सगळ्यात सोपं म्हणजे छापील कागद. कालनिर्णयचं एक पान किंवा वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान सपाट चिकटवा, चारही कोपऱ्यांना टेप लावून, मध्ये फुगा राहू न देता. आपल्या लिपीत एक सोय आहे जी रोमन अक्षरांत तितकी मिळत नाही. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, या जोड्यांतला फरक एका छोट्या गाठीवर, पोटातल्या तिरक्या रेघेवर किंवा शिरोरेघेतल्या फटीवर उभा असतो. तारखेच्या चौकोनातल्या बारीक मजकुरात 'ध' ची शिरोरेघ तुटलेली दिसते की सलग होऊन त्याचा 'घ' होतो, हे पाहिलं की तपशील कुठे संपला ते कुठल्याही चार्टशिवाय कळतं. मात्र शब्द ओळखीचा असेल तर मेंदू अक्षर भरून काढतो. म्हणून वाचू नका, एकेक अक्षर सुटं करून पाहा.

यापुढची पायरी म्हणजे सीमेन्स स्टार. सायकलच्या आऱ्यांसारख्या काळ्या-पांढऱ्या पाकळ्या, मध्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या. मध्याजवळ एका ठिकाणी त्या मिसळून करडा गोळा तयार होतो. गोळा जितका लहान तितकं रिझोल्यूशन जास्त. ७२ काळ्या पाकळ्यांची चांदणी चांगल्या मॅट फोटो पेपरवर छापून घ्या. चकचकीत कागद नको, दिव्याचं प्रतिबिंब पडतं.

आकडा हवा असेल तर तिरकी कड लागते. डिजिटल कॅमेऱ्यांचं रिझोल्यूशन मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १२२३३, पहिल्यांदा २००० साली आलं, आणि त्यातली तिरक्या कडेची पद्धत आज सगळीकडे वापरली जाते. त्याचा चार्ट इंटरनेटवरून घेऊन घरच्या प्रिंटरवर छापायचा मोह नवशिक्यांना होतोच. तसं करू नका. छापलेली कडच पुसट असली तर तुम्ही प्रिंटर मोजत बसाल. त्यापेक्षा कटरचं नवं कोरं ब्लेड घ्या. त्यावरचं तेल पुसा, मागे दुधी अॅक्रिलिकचा तुकडा ठेवून त्यामागून दिवा लावा आणि ब्लेडची धार उभ्या रेषेपासून सुमारे ५ अंश कलती ठेवा. एवढी सरळ, एवढी तीक्ष्ण काळी-पांढरी कड छापून मिळणं कठीण.

कलती का, हे समजून घेण्यासारखं आहे. कड अगदी उभी असेल तर ती प्रत्येक ओळीतल्या पिक्सेलला एकाच जागी कापते, म्हणजे शंभर ओळी असल्या तरी माहिती एकाच ओळीची. ५ अंश कलवली की ती दर ११ ओळींमागे साधारण एक पिक्सेल सरकते. त्या ११ ओळींत कडेने पिक्सेलला ११ वेगवेगळ्या ठिकाणी कापलेलं असतं. सॉफ्टवेअर या ओळी एकमेकींवर बसवतं आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची उतरण एका पिक्सेलपेक्षाही बारीक मापाने मिळते. मला ही युक्ती पहिल्यांदा समजली तेव्हा कागदावर चौकटी आखून ती करून पाहिली होती. तुम्हीही एकदा करून पाहा, नंतर कधी विसरणार नाही.

मांडणी

लेन्स एकच ठेवा. आम्ही ३५ एमएम एफ १.८ जी घेतली. दोन्ही बॉड्यांना बसते, आणि दोन्हींचे सेन्सर जवळपास सारख्या मापाचे असल्याने अंतर न बदलता चौकट तीच राहते. किट लेन्सवर (कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या) चाचणी घेतली तर बहुतेक वेळा लेन्सची मर्यादाच दोन्हीकडे दिसेल आणि कॅमेरे सारखे वाटतील. एक बॉडी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, असेल तर तीच लेन्स ठेवून पुढे सरका, म्हणजे चार्ट चौकटीत तेवढाच दिसेल. पण मग अंतर बदललं हे टिपून ठेवा.

अंतर लेन्सच्या फोकल लेंग्थच्या (लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा) निदान ४० पट ठेवावं. ३५ एमएमला ते १.४ मीटर होतं आणि चौकटीत साधारण ९० × ६० सेंटिमीटरची भिंत येते. डी५६०० चे ४००० पिक्सेल त्या ६० सेंटिमीटरवर पसरले की इंचाला जवळपास १७० पिक्सेल पडतात. चांगला प्रिंट याच्या कितीतरी पुढे असतो, त्यामुळे छपाईची मर्यादा आड येत नाही.

कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर हवा, नाहीतर एक बाजू फोकसबाहेर जाते आणि आपण लेन्सला दोष देतो. त्यासाठी एक छोटा आरसा चार्टच्या मध्यावर सपाट टेकवा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहा. आरशात तुमच्याच लेन्सचा गोल चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसला की कॅमेरा सरळ. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. पाय पूर्ण न उघडता उंची जमत असेल तर उत्तम.

दिवे दोन, चार्टच्या दोन्ही बाजूंना, ४५ अंशांवर. रात्री काम करा. खिडकीतला उजेड ढगाबरोबर बदलतो आणि पहिल्या-शेवटच्या फोटोची तुलनाच होत नाही. पंखा बंद. आमच्याकडे पहिल्या रात्री दर काही फोटोंनंतर एक फोटो उगाच मऊ यायचा. भाची म्हणाली, "मामा, तुझा जुना कॅमेरा गेला." तासाभराने लक्षात आलं की खालचा पाण्याचा पंप सुरू झाला की फरशीला बारीक कंप येतो. ट्रायपॉडच्या पायाशी पाण्याचा पेला ठेवला तर त्यात वर्तुळं उठताना दिसली. तेव्हापासून पाण्याचा पेला माझ्या चाचणीच्या सामानातच असतो.

कॅमेऱ्याच्या सेटिंग

रॉ फॉरमॅट, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही न सुधारलेली मूळ फाइल. आयएसओ (इथे हा मानकाचा नव्हे, प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा) २००, कारण डी९० चं मूळ आयएसओ २०० आहे, आणि डी५६०० १०० वर जात असला तरी दोन्ही एकाच आकड्यावर असलेले बरे. लेन्समध्ये व्हीआर किंवा आयएस (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर बंद करा. ट्रायपॉडवर ते कधी कधी उलटं काम करतं.

शटरचा वेग इथे महत्त्वाचा आहे. फोटो काढताना कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर उडतो तेव्हा बॉडीला झटका बसतो आणि तो काही क्षण टिकतो. साधारण १/२ ते १/६० सेकंद या पट्ट्यात त्याचा परिणाम सगळ्यात जास्त जाणवतो. म्हणून दिवे मंद ठेवून एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, म्हणजे झटक्याचा वाटा नगण्य होतो. मेन्यूत झटका शमेपर्यंत थांबण्याची सोय, म्हणजे एक्स्पोजर डिले मोड असेल (डी९० मध्ये आहे) किंवा मिरर लॉकअप असेल तर तेही लावा. बटण बोटाने दाबायचं नाही. रिमोट किंवा टायमर वापरा.

अॅपर्चर एफ ५.६. लेन्सच्या आतलं, प्रकाश आत सोडणारं भोक म्हणजे अॅपर्चर; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान. बहुतेक लेन्स एफ ४ ते एफ ८ च्या दरम्यान सर्वांत धारदार असतात. "जास्त बंद तितकं जास्त शार्प" असं समजून एफ १६ लावणारे पुष्कळ भेटतात. एफ १६ वर प्रकाशाचा प्रत्येक बिंदू पसरून सुमारे २१ मायक्रॉनचा ठिपका होतो. डी५६०० चा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा आणि डी९० चा ५.५ मायक्रॉनचा. म्हणजे डी५६०० वर एकच बिंदू पाच पिक्सेलांच्या रुंदीवर सांडतो, आणि १२ व २४ मेगापिक्सेलमधलं अंतर बरंचसं तिथेच मिटून जातं. हे स्वतः पाहायचं असेल तर एफ १.८ पासून एफ १६ पर्यंत एकेक फोटो काढून ओळीने लावा. या मालिकेतून जितकं शिकायला मिळतं तितकं कुठल्याही पुस्तकातून मला मिळालं नाही.

फोकस : निम्म्या चाचण्या इथेच फसतात

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो आणि फोटो काढणारा वेगळा. दोघांत केसभर फरक असला तरी फोकस चार्टच्या किंचित पुढे किंवा मागे बसतो. रोजच्या फोटोत कदाचित कळणार नाही, चाचणीत मात्र कॅमेरा विनाकारण नापास होतो.

तेव्हा लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं दृश्य, चालू करा. मॅन्युअल फोकसवर जा. स्क्रीनवर मधली चांदणी जास्तीत जास्त मोठी करा. आता रिंग अगदी हळू फिरवा. करडा गोळा लहान होत जाईल, एका क्षणी सर्वांत लहान होईल आणि मग पुन्हा वाढू लागेल. तो वाढेपर्यंत पुढे जाच. पलीकडे जाऊन परत आल्याशिवाय सर्वांत चांगली जागा कुठे होती ते कळत नाही. मग फोटो काढा. रिंग विस्कटा, पुन्हा पहिल्यापासून फोकस लावा, दुसरा फोटो. असे पाच.

पाचांतला सर्वांत चांगला तो त्या कॅमेऱ्याचा फोटो. सरासरी घेऊ नका. फोकस चुकल्याने फोटो बिघडतोच, आपोआप सुधारत कधी नाही, त्यामुळे सर्वांत चांगला फोटो खऱ्या क्षमतेच्या सर्वांत जवळ असतो. आणि पाचांत किती फरक आहे ते वहीत लिहून ठेवा. वर म्हटलेली तुमच्या पद्धतीची ढिलाई ती हीच.

नंतर लेन्स काढून दुसऱ्या बॉडीवर लावा, आरशाने सरळपणा पुन्हा तपासा, आणि तेच सगळं परत.

संगणकावर

जेपेगवर तुलना करू नका. प्रत्येक कॅमेरा आपल्या पद्धतीने शार्पनिंग लावतो आणि कडेच्या बाजूला एक पांढरी किनार उमटते. डोळ्याला ती धार वाटते, आकडाही फुगतो, पण नवीन तपशील एक कणभर येत नाही. रॉ-थेरपी किंवा डार्कटेबल ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच सेटिंगने उघडा. रॉ-थेरपीत न्यूट्रल प्रोफाइल निवडा, शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन बंद आहेत याची खात्री करा आणि टिफमध्ये काढा. पांढरा भाग जळालेला नसावा. तो जळाला तर कड प्रत्यक्षापेक्षा धारदार भासते.

आता चांदणी मोजू. करड्या गोळ्याचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा. काळ्या पाकळ्यांची संख्या भागिले (३.१४ × व्यास) म्हणजे दर पिक्सेलमागे किती जोड्या दिसल्या. त्याला २ ने आणि फोटोच्या उंचीच्या पिक्सेलांनी गुणलं की फोटोच्या उंचीत किती रेघा दिसल्या ते मिळतं. समजा डी५६०० च्या फोटोत ७२ पाकळ्यांच्या चांदणीचा गोळा ६० पिक्सेलचा आला. ७२ भागिले १८८.४ म्हणजे ०.३८२, आणि ०.३८२ × २ × ४००० म्हणजे ३०५६ रेघा. डी९० वरही गोळा ६० पिक्सेलचाच आला तर उत्तर ०.३८२ × २ × २८४८, म्हणजे सुमारे २१७६. पिक्सेलच्या पातळीवर दोन्ही सारखे काटेकोर, तरी पूर्ण फोटोत फरक आहेच. आणि ४६ पिक्सेलपेक्षा लहान गोळा आला तर मोजण्यात चूक आहे असं समजा, कारण छतच तिथे आहे.

गोळ्याच्या आत कधी कधी पुन्हा रेघा दिसतात, गुलाबी-हिरवट लाटांसकट. त्या खोट्या. पाकळ्या मध्याकडे सरळ येत असताना अचानक वळतात किंवा त्यांची संख्या बदलते, तिथे खरा तपशील संपला. लो-पास फिल्टर नसलेल्या कॅमेऱ्यात हे जास्त होतं. त्याच कॅमेऱ्याने बारीक विणीच्या शर्टाचा फोटो काढला तर कापडावरही अशाच रंगीत लाटा उठू शकतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने हे आधी माहीत करून घेतलेलं बरं.

ब्लेडच्या फोटोसाठी एमटीएफ मॅपर हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते एमटीएफ५० नावाचा आकडा देतं : रेघा ज्या बारकाईला पोहोचल्यावर काळ्या-पांढऱ्यातला फरक निम्म्यावर येतो ती बारकाई. डोळ्याला जाणवणाऱ्या धारेशी हा आकडा बऱ्यापैकी जुळतो. उत्तर दर पिक्सेलमागच्या जोड्यांत येत असेल तर वरच्यासारखंच २ ने आणि उंचीने गुणा. हा गुणाकार विसरू नका. जुन्या कॅमेऱ्याचा दर पिक्सेलमागचा आकडा पुष्कळदा नव्यापेक्षा चांगला येतो, कारण मोठ्या पिक्सेलला लेन्सकडून कमी अपेक्षा असते, आणि तेवढ्यावर लोक "जुनाच भारी" म्हणून मोकळे होतात.

अक्षरं डोळ्याने पाहतानाही हीच चूक होते. दोन्ही फोटो १०० टक्क्यांवर उघडले तर डी५६०० चं अक्षर मोठं दिसतं आणि म्हणून मऊ वाटतं. डी९० चा फोटो ६००० पिक्सेल रुंदीपर्यंत वाढवा, मग 'ध' शेजारी 'ध' ठेवा. फाइलींची नावं घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे माहीत असलं की डोळा पक्षपात करतो, माझाही करतो.

हा फरक कधी उपयोगी पडेल?

भाचीला बारशांचे आणि घरगुती समारंभांचे फोटो काढायचे आहेत, मोठ्यात मोठा प्रिंट १२ × १८ इंचाचा. त्या मापात डी९० चे इंचाला २३८ पिक्सेल पडतात आणि डी५६०० चे ३३३. चांगली नजर हातभर अंतरावरून, म्हणजे ५० सेंटिमीटरवरून, इंचाला सुमारे १७५ ठिपके वेगळे ओळखते, आणि ३० सेंटिमीटरवरून सुमारे २९०. अल्बम मांडीवर ठेवून पाहिला तर दोन्ही कॅमेरे पुरे पडतात. डोळ्यांजवळ धरला तर डी५६०० पुढे. आणि फोटो कापून निम्मा वापरायचा असेल, दूरच्या पक्ष्याचा किंवा स्टेजवरच्या एका चेहऱ्याचा, तर २४ मेगापिक्सेल सरळ कामाला येतात. तिने डी५६०० घ्यायचं ठरवलं, ते मुख्यतः क्रॉपसाठी.

दुकानात एवढी मांडणी करता येत नाही. तिथे जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि घरी तपासलेली लेन्स न्या. काउंटरवर बॉडी टेकवून ठेवा, समोर एखाद्या बॉक्सवरचा बारीक छापील मजकूर धरा, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून टायमरवर एफ ५.६ ला तीन फोटो घ्या आणि व्ह्यूफाइंडरच्या ऑटोफोकसवर तीन. घरी येऊन पाहा. लाइव्ह व्ह्यूचे धारदार आणि ऑटोफोकसचे तिन्ही सारखेच मऊ असतील तर त्या बॉडीचा फोकस सरकलेला आहे. डी७२०० सारख्या काही बॉड्यांत तो मेन्यूतून जुळवता येतो, डी५६०० मध्ये ती सोय नाही, त्यामुळे तशी बॉडी नाकारलेली बरी. सेकंडहँड लेन्सही घेत असाल तर एक सपाट भिंत किंवा दुकानाचं शटर समोरून टिपा आणि चारही कोपरे पाहा. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा बिघडलेला असेल तर आधी कॅमेरा सरळ होता ना ते पाहून कॅमेरा उलटा धरून तोच फोटो पुन्हा काढा. मऊ कोपरा भिंतीवरच्या त्याच जागी राहिला तर तुम्ही वाकडे होतात. तो कॅमेऱ्याबरोबर फिरून समोरच्या टोकाला गेला तर लेन्सच्या आतली काच हललेली आहे, आणि ती लेन्स घेऊ नका.